हिशेब आत, व्यवहार बाहेर

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत दोन विंग मिळून ६४ घरं आहेत. मेंटेनन्सची बिलं तीन महिन्यांनी निघतात आणि ती काढणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. शंभरेक ओळींचा एक लूप. एक्सेलमधली एका घराची ओळ वाचायची, थकबाकी असेल तर व्याज लावायचं, नवं बिल मिळवायचं, नवी बाकी त्याच ओळीत लिहायची, पीडीएफ बनवायची, मेल पाठवायची, पुढच्या घराकडे वळायचं. दीड वर्ष तो बिनतक्रार चालला. मग एका जानेवारीत एकेचाळिसाव्या घरापाशी बंद पडला, कारण मेल सेवेने एकदम इतक्या मेल पाठवायला नकार दिला. मी ती अडचण सोडवली आणि प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून चालवला.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरचे काका दोन कागद घेऊन दारात उभे. त्यांची जुनी थकबाकी १२,००० रुपये, तिमाहीचं बिल ९,०००, आणि आमच्या उपविधींप्रमाणे थकबाकीवर दरसाल २१ टक्के सरळव्याज, म्हणजे तीन महिन्यांचे ६३० रुपये. पहिल्या कागदावर एकूण २१,६३०. दुसऱ्या कागदावर ३१,७६५ रुपये ५८ पैसे. "अगं, एका रात्रीत दहा हजार वाढले?" एवढंच ते म्हणाले. अशी ४१ घरं होती.

त्या प्रोग्रॅमची एकेक ओळ तपासली तर प्रत्येक ओळ बरोबर होती. व्याजाचं सूत्रही बरोबर होतं. चूक रचनेत होती. हिशेब करणं आणि त्या हिशेबावर काहीतरी करून मोकळं होणं, या दोन गोष्टी मी एकाच दोऱ्यात विणल्या होत्या. त्यामुळे मधेच दोरा तुटला की काय झालंय आणि काय राहिलंय, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

फंक्शनल प्रोग्रॅमिंग, म्हणजे कप्प्यांतले आकडे बदलत बसण्याऐवजी माहिती घेऊन उत्तर देणाऱ्या फंक्शनांनी प्रोग्रॅम बांधायची पद्धत, शिकायला घेतलेले बरेच जण एका ठिकाणी अडतात. मॅप (यादीतल्या प्रत्येकाचं रूपांतर), फिल्टर (निवड), रिड्यूस (सगळ्यांचं मिळून एक उत्तर) येतात, यादीतल्या सम संख्यांची बेरीज करता येते, आणि मग प्रश्न पडतो की पोटापाण्याच्या प्रोग्रॅममध्ये डेटाबेस असतो, मेल असते, आजची तारीख असते, ती कुठे ठेवायची? दहा ओळींचं उदाहरण आणि दहा हजार ओळींचं काम यांच्यामधली ही दरी भरायला मला बराच वेळ लागला. म्हणून सोसायटीचंच उदाहरण धरून ती वाट सांगते.

शुद्ध फंक्शन म्हणजे काय, हे आमच्या खजिनदार काकूंकडे पाहिलं की चटकन कळतं. त्यांना मुद्दल, दर आणि महिने सांगा, त्या कॅल्क्युलेटरवर आकडा काढून देतात. उद्या तेच सांगा, तोच आकडा मिळेल. आकडा काढताना त्या कुठल्या वहीत लिहीत नाहीत, कुणाला फोन करत नाहीत, घड्याळाकडे बघत नाहीत.

व्याज(मुद्दल, दर, महिने) = मुद्दल × दर × महिने ÷ १२

हे शंभर वेळा चालवा, जगात काही हलणार नाही. मेल पाठवणं तसं नाही. ती शंभर वेळा चालवली तर शंभर मेल जातात. माझ्या लूपमध्ये हे दोन्ही शेजारी शेजारी बसले होते, आणि सगळ्यात घातक होतं ते 'बाकी'च्या कप्प्यात नवा आकडा भरणं. जुना आकडा त्या क्षणी नाहीसा होत होता, म्हणून दुसऱ्या फेरीने पहिल्या फेरीचा आकडाच थकबाकी धरला. फोरट्रान ही सुरुवातीची प्रोग्रॅमिंग भाषा घडवणाऱ्या चमूचे प्रमुख जॉन बॅकस यांना १९७७ साली संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हा व्याख्यानात त्यांनी नेमकं यावर बोट ठेवलं होतं: कप्प्यातून एक मूल्य काढायचं, बदलायचं, परत ठेवायचं, आणि माणसाचा सगळा विचार या ने-आणीतच अडकून पडायचा. ज्यांनी ती शैली घराघरांत नेली त्यांनीच हे म्हणावं, याचं मला फार मोल वाटतं.

तर नव्या रचनेत प्रोग्रॅमचे दोन भाग केले. आतला गाभा फक्त हिशेब करतो. बाहेरचं कवच फक्त जगाशी बोलतं: फाइल वाचतं, नोंद साठवतं, मेल पाठवतं. प्रोग्रॅमर गॅरी बर्नहार्ट यांनी २०१२ च्या सुमारास ही मांडणी फंक्शनल गाभा आणि आज्ञार्थी कवच अशा नावाने लोकांपुढे ठेवली. गाभ्याचं तोंड असं दिसतं:

तिमाहीची_कामं(खाती, घरं, नियम, तारीख) → कामांची यादी

यातला शेवटचा शब्द महत्त्वाचा आहे. गाभा मेल पाठवत नाही, "ही मेल पाठवायची आहे" असं लिहून देतो. काम हा आपल्या प्रोग्रॅममधला एक साधा डेटा आहे (उभी रेघ म्हणजे 'किंवा'):

काम = बिल पाठव(घर, बिल)
    | नोटीस पाठव(घर, थकबाकी)
    | कार्यकारिणीला कळव(मजकूर)

मोठ्या प्रोग्रॅमला आकार देणारी कल्पना माझ्या मते हीच. निर्णय आणि अंमलबजावणी यांच्यामध्ये हातात धरता येईल अशी एक यादी आली. ती छापता येते, मोजता येते, मागच्या तिमाहीच्या यादीशी ताडून बघता येते. आता मी बिलं पाठवण्याआधी यादी काकूंना दाखवते. एकदा त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "हे दुसऱ्या विंगचं नोटिशीचं थांबव गं, त्यांचा चेक काल आलाय, मी चढवायचा राहिलाय." जुन्या प्रोग्रॅममध्ये हे म्हणायला जागाच नव्हती. हिशेब होईपर्यंत नोटीस गेलेली असायची.

कधी कधी हिशेबाच्या मध्यावर बाहेरून काही विचारावं लागतं. उदाहरणार्थ, थकबाकी एका मर्यादेपुढे गेली तरच जुन्या नोटिशींचं दफ्तर उघडायचं. तेव्हा मोह होतो की गाभ्यातूनच डेटाबेस गाठावा. तो टाळायचा. एक तर लागेल ते सगळं आधीच वाचून आत द्यायचं. ६४ घरांच्या नोटिशी म्हणजे काही डोंगर नाही. डोंगर असेलच तर हिशेबाचे दोन तुकडे करायचे: पहिला तुकडा सांगतो कोणाची दफ्तरं हवीत, कवच ती आणून देतं, दुसरा तुकडा पुढे जातो. वाचन, हिशेब, वाचन, हिशेब, आणि अगदी शेवटी कृती.

तारीख बाहेरून देणं अनेकांना उगाचचा काथ्याकूट वाटतो. पण फंक्शनने आतल्या आत "आज काय तारीख?" असं विचारलं की ते शुद्ध राहिलं नाही. डिसेंबरचं बिल एप्रिलमध्ये पुन्हा काढलं तर आकडा बदलेल. तारीख बाहेरून दिली की ऑडिटर विचारतो, "३१ मार्चला या घराची बाकी किती होती?", तेव्हा ३१ मार्च ही तारीख द्यायची आणि उत्तर वाचून दाखवायचं. दरसाल २१ टक्के हा दरही नियमांमधून आत येतो, कोडमध्ये कोरलेला नाही. सर्वसाधारण सभेने दर बदलला तर जुन्या तिमाहीला जुना दर आणि नव्या तिमाहीला नवा दर लागायला हवा. पैशांबद्दल एकच सांगते: रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवा. दशांश अपूर्णांकांना संगणकात शेपट्या फुटतात, म्हणजे ते नेमके साठत नाहीत, आणि ताळेबंद एका पैशाने चुकला की अख्खी संध्याकाळ जाते.

आता कवचातून आत येणाऱ्या माहितीकडे वळू. एक्सेलमध्ये काहीही असू शकतं. रकमेच्या रकान्यात "चेक दिला" असं लिहिलेलं मी पाहिलंय. आधी माझ्या प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला तपासणी असायची: रिकामं नाही ना, आकडाच आहे ना, ऋण नाही ना. हे म्हणजे गेटवर वॉचमन न ठेवता प्रत्येक मजल्यावर पाहुण्याची चौकशी करण्यासारखं. वॉचमन काय करतो? गेटवर एकदा विचारतो, रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतो, आत सोडतो. वर गेलेल्या माणसाला कुणी पुन्हा अडवत नाही. प्रोग्रॅममध्येही कच्च्या मजकुराचं खात्रीच्या टाइपमध्ये, म्हणजे ठरलेल्या प्रकारच्या मूल्यात, रूपांतर सीमेवरच एकदा करायचं. गाभ्यात "मजकूर" नावाची गोष्ट शिरूच द्यायची नाही, आत फक्त रक्कम, तारीख, घर. आणि गेटवर चूक सापडली की पहिल्याच चुकीला थांबायचं नाही. सगळ्या चुका गोळा करून एकदम सांगायच्या, म्हणजे काकूंना एक्सेल सात वेळा उघडावी लागत नाही.

टाइप नीट घडवणं हा या पद्धतीचा दुसरा मोठा आधार. घर भाड्याने दिलं असेल तर आमच्याकडे सेवाशुल्काच्या १० टक्के बिनभोगवटा शुल्क लागतं. महाराष्ट्र शासनाने २००१ साली त्याची कमाल मर्यादा तेवढीच ठरवली. मालकाचे आईवडील, भाऊ, मुलगी असं कुणी जवळचं राहत असेल तर ते लागत नाही. माझ्या जुन्या नोंदीत यासाठी चार रकाने होते: भाड्याने होय-नाही, नातेवाईक होय-नाही, कुलूप होय-नाही, कराराची तारीख. होय-नाहीच्या तीन रकान्यांच्या आठ जोड्या होतात आणि त्यातल्या निम्म्या निरर्थक. कुलूपही आहे आणि भाडेकरूही आहे, असं एक घर माझ्या फाइलमध्ये वर्षभर होतं. नव्या रचनेत असं लिहिलं:

राहणारे = मालक
        | नातेवाईक(नातं)
        | भाडेकरू(करार_संपण्याची_तारीख)
        | कुलूप

या चारांपैकी एकच. कराराची तारीख फक्त भाडेकरूच्या आत आहे, दुसरीकडे ती लिहायची सोयच नाही. ओकॅमल भाषेत काम करणाऱ्या यारॉन मिन्स्की यांनी रूढ केलेला विचार हाच: चुकीची स्थिती पकडत बसण्यापेक्षा ती लिहिताच येणार नाही असा टाइप घडवा. याचा फायदा वर्षभराने कळला. तळमजल्यावर एका घरात दवाखाना सुरू झाला आणि पाचवा प्रकार जोडावा लागला. जोडताक्षणी कंपायलरने, म्हणजे चालवण्याआधी कोड तपासून त्याचं भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने, सात जागा दाखवल्या, जिथे मी फक्त चारच प्रकारांचा विचार केला होता. कुठे कुठे बदल करायचा हे आठवायची जबाबदारी माझी राहिली नाही.

आता मूळ दुखण्याकडे येऊ, ते म्हणजे बाकी. काकूंच्या जुन्या किर्द-खतावणीत खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर उलट नोंद करायची, जुनी तशीच ठेवायची. बाकी हा आकडा कुठे भरायचा नसतो, तो नोंदी जोडत गेल्यावर निघतो. प्रोग्रॅममध्येही खातं म्हणजे नोंदींची यादी केली आणि बाकी हे त्या यादीवर चालणारं फंक्शन झालं. सुरुवातीला शून्य घ्यायचं आणि एकेक नोंद मिळवत जायचं. रिड्यूसचं हे माझं सगळ्यात लाडकं उदाहरण.

हे करताना काकूंनी एक चूक दाखवली, जी मला कधीच दिसली नव्हती. "सरळव्याज म्हणजे व्याजावर व्याज नाही ना?" त्यांनी विचारलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची पहिल्या कागदावरची बाकी २१,६३० होती, आणि त्यात ६३० व्याजाचे होते. त्यांनी काहीच भरलं नसतं तर पुढच्या तिमाहीत, प्रोग्रॅम एकदाच नीट चालला असता तरी, व्याज २१,६३० वर लागलं असतं. खरं तर ते २१,००० वर लागायला हवं. फरक ३३ रुपयांचा, पण दीड वर्ष मी लोकांकडून चक्रवाढ व्याज घेत होते. सगळं एका आकड्यात कोंबलं की मुद्दल किती आणि व्याज किती हे पुसलं जातं. नोंदींना प्रकार दिल्यावर, मुद्दल, व्याज, भरणा, उलट नोंद असे, हा प्रश्न एका ओळीत सुटला. जास्तीच्या वसुलीच्या उलट नोंदी आम्ही त्याच तिमाहीत केल्या.

कधीच काही बदलायचं नाही, प्रत्येक वेळी नवं बनवायचं, तर मेमरी संपणार नाही का? ही शंका रास्त आहे. उत्तर असं की नवी प्रत म्हणजे सगळ्याची नक्कल नव्हे. माहिती झाडाच्या आकारात ठेवली तर एक पान बदलताना मुळापासून त्या पानापर्यंतच्या फांद्या तेवढ्या नव्या होतात, उरलेलं झाड जुनं आणि नवं दोघांत सामायिक राहतं. रिच हिकी यांच्या २००७ साली आलेल्या क्लोजर भाषेत प्रत्येक गाठीला, म्हणजे फांद्या फुटतात त्या जागेला, जास्तीत जास्त ३२ फांद्या असतात. ३२ ला ३२ ने असं चार पातळ्यांपर्यंत गुणत गेलं की १०,४८,५७६ होतात. म्हणजे दहा लाखांच्या यादीत एक मूल्य बदलायचं तर जेमतेम चार गाठी नव्याने बनतात.

प्रोग्रॅमचे वेगवेगळे भाग, म्हणजे मॉड्यूल, पाडताना माझी पहिली फाळणी चुकली होती. मी कामाच्या क्रमाने तुकडे केले: वाचणारं, हिशेब करणारं, छापणारं. मग भरणा आधी व्याजात वळता करायचा की मुद्दलात, हा नियम कार्यकारिणीने बदलला, आणि मला तिन्ही उघडावे लागले. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नस यांनी १९७२ सालीच सांगून ठेवलंय की क्रमाच्या पायऱ्यांवर मॉड्यूल बेतू नका. बदलण्याची शक्यता असलेला एकेक निर्णय एकेका मॉड्यूलच्या पोटात लपवा. फंक्शनल भाषांत हे एका टाइपभोवती छान जमतं. रक्कम नावाचं मॉड्यूल बाहेर फक्त बेरीज, वजाबाकी, टक्के आणि छापील रूप देतं. आत पैसे आहेत की आणखी काही, हे बाहेर कळत नाही. भरण्याची वळती हा खातं या मॉड्यूलचा खाजगी मामला झाला. मी स्वतःला घातलेला एक नियम खूप उपयोगी पडतो: गाभ्यातल्या कुठल्याही फाइलच्या डोक्यावर मेल किंवा डेटाबेस लायब्ररीचं नाव दिसलं की तिथेच थांबायचं.

असे तुकडे जोडायचे कसे, यावर संगणकशास्त्रज्ञ जॉन ह्यूज यांचा १९८९ साली छापलेला निबंध आहे. त्यांचं म्हणणं, फंक्शनल पद्धतीचं बळ तिने दिलेल्या नव्या जोडांत आहे. लोकल बारा डब्यांची असो की पंधरा डब्यांची, डब्याला डबा जोडायची रीत तीच असते, म्हणून गाडी लांबवता येते. एका फंक्शनमधून बाहेर पडणारा टाइप आणि दुसऱ्यात शिरणारा टाइप जुळला की तुकडे तसेच जोडले जातात: नोंदींतून बाकी, बाकीतून बिल, बिलातून काम.

याच ह्यूज यांनी कोएन क्लासेन यांच्याबरोबर २००० साली क्विकचेक नावाचं साधन मांडलं. त्यात एकेक उदाहरण लिहायच्या ऐवजी नेहमी खरा ठरला पाहिजे असा गुणधर्म लिहायचा, संगणक शेकडो यादृच्छिक उदाहरणं बनवून तो मोडायचा प्रयत्न करतो. गाभा शुद्ध असल्यामुळे हे सेकंदात होतं. खोटा डेटाबेस नको, खोटी मेल नको. मी लिहिलं: व्याज कधीही ऋण नसावं. पहिल्याच फेरीत ते मोडलं. वर्षाचे पैसे आगाऊ भरणाऱ्या घराची बाकी ऋण असते, आणि माझं सूत्र त्यांनाच २१ टक्क्यांनी व्याज देऊ लागलं होतं. हाताने लिहिलेल्या माझ्या उदाहरणांत आगाऊ भरणारं घर आलंच नव्हतं.

मोनाड या फंक्शनल भाषांतल्या गाजलेल्या कल्पनेबद्दल विचाराल म्हणून दोन शब्द. १९९० साली व्याख्या प्रसिद्ध झालेल्या हॅस्केलसारख्या भाषेत बाहेरच्या जगाला स्पर्श करणारी गोष्ट तिच्या टाइपवरच दिसते आणि मोनाड त्या गोष्टी क्रमाने गुंफायची सोय देतात. ते सुंदर आहे, सवडीने जरूर शिका. पण सुरुवात तिथून करू नका. मी वर सांगितलेलं सगळं पायथनमध्ये, जावास्क्रिप्टमध्येही करता येतं. फक्त तिथे गाभा आणि कवच यांच्यातली रेघ बऱ्याच अंशी आपल्यालाच सांभाळावी लागते. हातात जुना मोठा प्रोग्रॅम असेल तर तो फोडून नव्याने लिहायला बसू नका. त्यातला सगळ्यात जास्त भांडणं लावणारा एक हिशेब निवडा, त्याला लागणारी प्रत्येक गोष्ट बाहेरून द्या, आणि तेवढाच बाहेर काढा. माझ्याकडे तो व्याजाचा होता.

कवचात मात्र अडचणी राहतातच, त्या कोणत्याही शैलीने नाहीशा होत नाहीत. प्रत्येक कामाला आता कामाचा प्रकार, घर क्रमांक आणि तिमाही मिळून एक ओळख आहे. मेल गेली की "गेली" अशी नोंद होते, आणि पुन्हा चालवलं तर ती ओळख पाहून ते काम वगळलं जातं. खात्यातल्या नोंदीलाही तशीच ओळख आहे, म्हणून एका तिमाहीचं व्याज एकदाच चढतं. पण मेल जाणं आणि "गेली" लिहिणं यांच्यामध्ये एक बारीक फट असते, आणि नेमकं तिथेच काही बंद पडलं तर ती मेल पुन्हा जाणार.

मागच्या जुलैत तसंच झालं. पावसात रात्री वीज गेली, राऊटर बंद, प्रोग्रॅम मधेच थांबला. वीज आल्यावर मी तो पुन्हा पहिल्यापासून चालवला आणि झोपायला गेले. सकाळी लिफ्टपाशी तिसऱ्या मजल्यावरचे काका भेटले. म्हणाले, "बिल दोनदा आलंय गं." मी त्यांचा फोन हातात घेऊन दोन्ही पीडीएफ उघडल्या. दोन्हींवर आकडा एकच होता.